हनोईतली खासगी ‘स्ट्रीट फूड टूर’: गाईडला पैसे द्यायचे ते खाण्याचे की विचारण्याचे?

सकाळचे सात वाजलेले असतात. हनोईच्या जुन्या भागात फुटपाथच्या कडेला एक बाई टोपली घेऊन बसलेली असते. टोपलीत वाफाळता चिकट भात असतो, हळदीने पिवळाधमक झालेला. ती केळीच्या पानावर भात घेते, शिजवून घट्ट केलेल्या मूगडाळीच्या गोळ्यावरून सुरीने पातळ काप पाडते आणि वर तळलेला कुरकुरीत कांदा भुरभुरते. मराठी माणसाला पाहताक्षणी वाटावं, ही तर आपल्या खिचडीची लांबची बहीण. शाकाहारी माणसाचा हात निःशंकपणे पुढे जावा, असाच हा पदार्थ. त्याचं नाव ‘सोई सेओ’.

पण पुडी बांधण्याआधी ती बाई एका डब्यातून चमचाभर सोनेरी, पातळ काहीतरी भातावर सोडते. ते तूप नसतं. बऱ्याचदा ती कोंबडीची किंवा डुकराची चरबी असते.

हा सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात उरकतो. फलकावर घटकांची यादी नसते, बाईला इंग्रजी येत नसतं आणि मागे ऑफिसला निघालेल्या लोकांची रांग असते. त्या अर्ध्या मिनिटात ‘यात काय आहे?’ हे व्हिएतनामी भाषेत विचारू शकणारं कुणीतरी सोबत असणं, हाच खासगी ‘स्ट्रीट फूड टूर’चा खरा उपयोग.

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून मराठी पर्यटकांच्या यादीत व्हिएतनाम वरच्या क्रमांकावर आलं आहे. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो आणि ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा असू शकतो. त्यामुळे सहल आखणं सोपं झालं. अडतं ते जेवणापाशी. एका घरातला एक जण सगळं खातो, दुसरा बीफ खात नाही, तिसरा पूर्ण शाकाहारी आणि धाकट्याला शेंगदाण्याची ॲलर्जी, अशा कुटुंबाने रस्त्यावरच्या खाण्यासाठी वेगळे पैसे मोजून गाईड घ्यावा का? आणि घेतला, तर त्याच्याकडून नेमकं काय मिळतं?

खासगी टूर म्हणजे नेमकं काय?

प्रकार साधा आहे. एक गाईड तुम्हाला ठरलेल्या जागी, बहुतेक वेळा हॉटेलवरच, भेटतो आणि अडीच ते चार तासांत पाच-सात ठिकाणी खायला नेतो. बहुतांश सहली संध्याकाळच्या असतात, काही सकाळच्या न्याहारीच्या. खाण्याचा खर्च सहसा सहलीच्या किमतीतच धरलेला असतो.

गटाच्या सहलीत आठ-दहा अनोळखी पर्यटक एकत्र असतात. त्यांचा मार्ग आणि पदार्थ आधीच ठरलेले असतात. एखाद्याला एखादा पदार्थ चालत नसेल, तर त्याला तेवढा वगळून बसावं लागतं. खासगी सहलीत फक्त तुमचं कुटुंब किंवा मित्रमंडळी असतात, त्यामुळे मार्गच तुमच्या खाण्यानुसार बदलता येतो. मूल दमलं तर मध्येच कॉफीला थांबता येतं, एखाद्या टपरीवर जास्त रेंगाळता येतं.

एक गैरसमज मात्र दूर केलेला बरा. ‘खासगी’ म्हणजे तुमच्यासाठी राखून ठेवलेलं टेबल नव्हे. बसायचं तेच गुडघाभर उंचीचं प्लास्टिकचं स्टूल आणि शेजारी असतात तीच हनोईची माणसं. खासगी असतो तो फक्त गाईडचा वेळ.

एका टपरीवर एकच पदार्थ, असं का?

मुंबईत एकाच गाडीवर पावभाजी, पुलाव आणि सँडविच मिळू शकतं. हनोईत अनेक टपऱ्यांवर एकच पदार्थ मिळतो. फो विकणारा फोच विकतो, तीही बऱ्याचदा बीफची किंवा चिकनची, दोन्हींपैकी एकच.

या शहराचा जुना भाग ‘३६ गल्ल्यां’चा म्हणून ओळखला जातो. एकेका गल्लीत एकेका मालाचा व्यापार चाले आणि गल्लीचं नावही त्यावरूनच पडे. ‘हांग’ म्हणजे माल. हांग बाक ही चांदीची गल्ली, हांग मा ही कागदी पूजासाहित्याची. आपल्याकडच्या तांबट आळी, बोहरी आळीसारखाच हा प्रकार. एका गल्लीला तर पुढे पदार्थाचंच नाव मिळालं. ‘चा का’ म्हणजे हळद लावून भाजलेला मासा. हा मासा टेबलावरच्या तव्यात मूठभर शेपू आणि कांद्याच्या पातीसोबत परततात. हळद आणि शेपू ही जोडी हनोईच्या या प्रसिद्ध पदार्थाचा कणा आहे, हे ऐकून शेपूला नाक मुरडणारेही एकदा चाखायला तयार होतील.

अलीकडचा इतिहासही महत्त्वाचा आहे. १९८६ मध्ये व्हिएतनामने ‘दोई मोई’ नावाच्या आर्थिक सुधारणा सुरू केल्या. त्याआधी रेशनच्या कुपनांचा काळ होता आणि खासगी व्यापारावर कडक बंधनं होती. ती सैल झाल्यावर घराचा दर्शनी भाग आणि समोरचा फुटपाथ हेच अनेक कुटुंबांचं दुकान झालं. घरात जो पदार्थ उत्तम जमतो, तोच विकायचा. आज दिसणाऱ्या गजबजाटाचं बरंचसं श्रेय या बदलाला जातं.

वेळही ठरलेली असते. फो मुख्यतः सकाळी. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, तांदळाच्या शेवया आणि आंबटगोड पाणी असलेलं ‘बुन चा’ दुपारी. संध्याकाळी ‘बिया होई’ ही ताजी, हलकी बिअर आणि तिच्यासोबतचं चटकमटक. कुठली टपरी किती वाजता उघडते आणि भांडं किती वाजता रिकामं होतं, हे पाट्यांवर लिहिलेलं नसतं. ते गाईडला पाठ असतं.

शाकाहारी माणसाची खरी अडचण काय?

‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, हा पहिला धडा.

व्हिएतनामी स्वयंपाकाचा पाया ‘नुओक माम’ हा आहे. छोटे मासे मिठात महिनोन् महिने मुरवून काढलेला हा रस. आपण मीठ वापरतो तितक्या सहज तो वापरला जातो. त्यामुळे भाजी परततानाही तो पडतो आणि विकणाऱ्याच्या मनात ते ‘मासे घालणं’ नसतंच. दुसरी गोष्ट म्हणजे हाडांचा अर्क. फोच्या वाडग्यातून मांसाचे तुकडे काढून टाकले, तरी ते पाणी तासन् तास हाडं उकळूनच तयार झालेलं असतं. तिसरी, तेल. तळलेला टोफू आणि मांसाची वडी अनेकदा एकाच कढईतून निघतात.

दिसायला निरुपद्रवी पदार्थ कसे फसवतात, याची आणखी दोन उदाहरणं. ‘बान मी’ हा फ्रेंच राजवटीत आलेल्या पावाचा व्हिएतनामी अवतार. अंड्याचं बान मी मागितलं, तरी पावाला आतून काळजीचं पाते लावलेलं असू शकतं. ‘बुन दाउ’ म्हणजे तळलेला टोफू आणि शेवयांचे ठोकळे. ताट बघून शाकाहारी मनुष्य खूश होतो, पण सोबतची जांभळट चटणी ‘माम तोम’ म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची असते. तिच्याऐवजी सोया सॉस मागता येतो, मात्र मागावा लागतो.

यावर उपाय व्हिएतनामी संस्कृतीतच आहे. तिथले अनेक बौद्ध भाविक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात. आपल्याकडे एकादशी-चतुर्थी पाळतात तसंच. या शाकाहाराला शब्द आहे ‘चाय’. रोमन लिपीत सी, एच, ए, वाय अशी पाटी ज्या दुकानावर असते, तिथलं जेवण शाकाहारी. गंमत म्हणजे चहाला हनोईत ‘चा’ म्हणतात. म्हणजे ‘चाय’ मागणाऱ्या भारतीयाला चहा नव्हे, शाकाहारी जेवण मिळायचं!

परंपरेने काटेकोर ‘चाय’ जेवणात कांदा-लसूणही टाळतात, हे जैन प्रवाशांना सोयीचं. पण गाजर, मुळा यांसारखी कंदमुळं आणि मशरूम त्यात सर्रास असतात, तेव्हा ते वेगळं सांगावं लागतं. अंड्याबाबतही विचारून घ्यावं.

हे सगळं खासगी सहलीत कसं बसतं? चांगला गाईड शाकाहारी पाहुण्याला नेहमीच्याच टपऱ्यांवर नेऊन ‘यातलं हे खाऊ नका’ म्हणत नाही. तो मार्गच वेगळा आखतो. एखादं ‘चाय’ दुकान, चरबी न घालता बांधलेली सोई सेओची पुडी, मूग, साबुदाणा आणि नारळाच्या दुधाची ‘चे’ नावाची खिरीसारखी गोड वाटी, अंडं चालत असेल तर अंडा कॉफी. मात्र त्यासाठी त्याला आदल्या दिवशी तरी कळायला हवं. सहलीच्या दारात उभं राहून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ सांगितलं, तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

बीफ खात नसाल तर?

नुसतं ‘फो’ म्हटलं, तर बऱ्याच ठिकाणी बीफची फो समोर येते. म्हणून काही शब्द माहीत असलेले बरे. ‘बो’ म्हणजे बीफ, ‘गा’ म्हणजे कोंबडी, ‘का’ म्हणजे मासा, ‘तोम’ म्हणजे कोळंबी. चिकनची फो हवी तर ‘फो गा’. या प्रकाराबद्दल असं सांगितलं जातं, की १९३० च्या दशकाच्या अखेरीस हनोईत आठवड्यातले काही दिवस बीफ मिळत नसे, म्हणून विक्रेत्यांनी कोंबडी वापरायला सुरुवात केली.

देश एकच असला, तरी शब्द बदलतात. डुकराच्या मांसाला हनोईत ‘लोन’ म्हणतात, तर हो ची मिन्ह सिटीत ‘हेओ’. शेंगदाणा उत्तरेत ‘लाक’, दक्षिणेत ‘दाउ फोंग’. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी हा फरक जिवाशी खेळणारा ठरू शकतो, कारण कुटलेले शेंगदाणे कोशिंबिरीवर आणि शेवयांवर सढळ हाताने घातले जातात.

आणि शब्द पाठ करूनही भागेलच असं नाही. उत्तरेकडच्या व्हिएतनामी बोलीत सहा सूर आहेत. ‘चाय’ सरळ सुरात म्हटलं तर शाकाहार, सूर चढवला तर ‘जळणं’ आणि वेगळ्या, तुटक सुरात ‘पळणं’. म्हणून आपलं म्हणणं व्हिएतनामीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवणं केव्हाही चांगलं. गाईडकडून पहिल्याच संध्याकाळी ते लिहून घेता येतं आणि पुढच्या सगळ्या प्रवासात उपयोगी पडतं.

किंमत किती आणि ती कशाची?

एका रुपयाला साधारण तीनशेच्या आसपास व्हिएतनामी डाँग मिळतात. फोचा वाडगा बऱ्याच ठिकाणी ५० ते ७० हजार डाँगांना, म्हणजे साधारण १७० ते २३० रुपयांना येतो. बान मी त्याहून स्वस्त. एका संध्याकाळी स्वतःच्या स्वतः पाच ठिकाणी खाल्लं, तरी माणशी खर्च सहसा हजार रुपयांच्या आसपासच राहतो. खासगी सहलीला मात्र माणशी ३० डॉलरच्या पुढे, म्हणजे अडीच-तीन हजार रुपये किंवा जास्त मोजावे लागतात. गटाची सहल त्याहून स्वस्त पडते. काही विद्यार्थी-गट इंग्रजीच्या सरावासाठी विनाशुल्कही फिरवतात, तिथे खाण्याचा खर्च पाहुण्यांनी करायचा असतो.

म्हणजे खाणं स्वस्तच आहे. वरचे पैसे गाईडच्या तीन तासांचे, भाषेचे आणि ओळखीचे. हा हिशेब डोक्यात ठेवला, की निर्णय सोपा होतो. ज्याला सगळं चालतं, ज्याच्यापाशी चार-पाच दिवस आहेत आणि ज्याला चुकतमाकत शिकण्यात मजा वाटते, त्याला गाईडची फारशी गरज नाही. ज्यांना पथ्य आहे, सोबत वयस्क माणसं किंवा मुलं आहेत, किंवा हातात एकच दिवस आहे, त्यांना हे पैसे सार्थकी लागल्याचं वाटेल.

जाता जाता पैशांबद्दलच एक सूचना. २० हजार आणि ५ लाख डाँगांच्या नोटा दोन्ही निळसर असतात. संध्याकाळच्या अंधुक उजेडात घाई केली, तर साठ-सत्तर रुपयांऐवजी सतराशे रुपये हातातून जातात.

गाईड असला की पोट बिघडत नाही?

तशी हमी कुणीच देऊ शकत नाही. गाईड एवढंच करतो, की जिथे गर्दी असते, माल रोज संपतो आणि पदार्थ डोळ्यांसमोर उकळतो किंवा भाजला जातो, अशा ठिकाणी नेतो. बाकीची काळजी स्वतःची. नळाचं पाणी पिऊ नये. गरम फोपेक्षा तिच्यासोबत येणारा कच्च्या पाल्याचा ढीग जास्त जोखमीचा, कारण तो साध्या पाण्यात धुतलेला असतो. अंडा कॉफीत अंड्याचा पिवळा बलक घोटून घातलेला असतो आणि तो पूर्ण शिजलेला नसतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांनी ती टाळलेली बरी. दूध दुर्मिळ होतं, त्या १९४६ साली हनोईच्या मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान जांग यांनी दुधाच्या जागी बलक घोटून ही कॉफी केली. त्यांच्या कुटुंबाचं ‘काफे जांग’ आजही चालू आहे.

स्कूटरवरून नेणाऱ्या सहलीही लोकप्रिय आहेत. व्हिएतनाममध्ये डिसेंबर २००७ पासून दुचाकीवरच्या दोघांनाही हेल्मेट सक्तीचं आहे. आपला प्रवास विमा दुचाकीवरचा अपघात धरतो का, हे निघण्याआधी तपासावं. जुन्या हनोईत मात्र चालण्याइतकी सोयीची दुसरी सवारी नाही. होआन कीएम तळ्याभोवतीचे रस्ते तर २०१६ पासून शनिवार-रविवारी वाहनांसाठी बंद असतात.

टपरीवाल्यांना यातून काय मिळतं?

मे २०१६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा आणि शेफ अँथनी बोर्डेन हनोईतल्या एका साध्या दुकानात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बुन चा जेवले. दोघांचं बिल सहा डॉलर झाल्याचं बोर्डेन यांनीच जाहीर केलं. दुकानाने ते टेबल पुढे काचेत जपून ठेवलं. जून २०२३ मध्ये मिशेलिन गाईडची हनोई आणि हो ची मिन्ह सिटीची पहिली यादी आली, तिच्यात फोच्या साध्या दुकानांनाही जागा मिळाली. प्रसिद्धी मिळालेल्या ठिकाणी रांगा लागल्या. शेजारच्या गल्लीत तितकंच चांगलं बनवणारी बाई मात्र तशीच राहिली.

दुसरी बाजू अधिक कठीण आहे. हनोईत २००८ मध्ये साठहून अधिक रस्त्यांवर फेरीवाल्यांना बंदी घालण्यात आली आणि २०१७ मध्ये फुटपाथ मोकळे करण्याची मोठी मोहीम निघाली. टोपली किंवा कावड घेऊन फिरणाऱ्यांत बायका जास्त आणि त्यातल्या अनेक जणी आसपासच्या खेड्यांतून येतात. पोलिसांची गाडी दिसली, की स्टुलं क्षणात उचलली जातात. पर्यटकाला गंमत वाटणारं हे दृश्य त्या बाईच्या दिवसभराच्या कमाईचा प्रश्न असतो.

म्हणून आठ स्टुलांच्या टपरीवर गर्दीच्या वेळी दहा पर्यटकांचा घोळका नेण्यापेक्षा तीन-चार जणांची खासगी सहल तिथे सहज सामावते, हा तिचा आणखी एक फायदा. मात्र गाईडने एक वाडगा मागवून चौघांत वाटला आणि अर्धा तास जागा अडवली, तर त्या टपरीचं नुकसानच. जिथे बसाल तिथे पोटभर मागवा, फोटोआधी विचारा आणि खाऊन झालं की जागा सोडा.

बुकिंगआधी काय विचारावं?

- खाण्यापिण्याचा सगळा खर्च किमतीत आहे का?
- आमचं पथ्य असं आहे, मग नेमक्या कुठल्या पदार्थांसाठी नेणार? ‘काळजी करू नका, सगळं मिळेल’ हे उत्तर पुरेसं नाही. पदार्थांची नावं मागा.
- हाडांचा अर्क, माशांचा रस आणि चरबी याबद्दल टपरीवर विचारून सांगणार का?
- गाईडकडे ओळखपत्र आहे का? व्हिएतनामच्या पर्यटन कायद्यानुसार गाईडला अधिकृत कार्ड लागतं आणि परदेशी पाहुण्यांना फिरवायचं तर ते आंतरराष्ट्रीय गाईडचं असावं लागतं.
- ‘तेत’ जवळ आहे का? जानेवारी अखेर ते फेब्रुवारीदरम्यान येणाऱ्या या चांद्र नववर्षात बऱ्याच टपऱ्या काही दिवस बंद असतात.

शेवटची गोष्ट दिवसाची. अनेक जण ही सहल मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी ठेवतात. ती पहिल्या संध्याकाळी घेतली, तर तीन तासांत शिकलेलं पुढचे सगळे दिवस वापरता येतं. ‘खोंग’ म्हणजे नको आणि ‘मऽ’ म्हणजे चरबी, हे दोन शब्द गाईडकडून कागदावर लिहून घेतले, की दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या टोपलीवाल्या बाईसमोर एकट्याने उभं राहता येतं. कागद दाखवायचा, तिने मान डोलावेपर्यंत थांबायचं आणि ती डब्यातला चमचा तसाच ठेवते का, तेवढं बघायचं. मग ती गरम पुडी बिनधास्त उघडावी.